कॉम्प्युटर तुमचा, पण त्यात काय चालणार हे कोण ठरवतं? डेबियनच्या एका मतदानाची गोष्ट

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अगदी व्यवस्थित चालणारे अनेक लॅपटॉप एका तारखेनंतर 'जुने' ठरले. त्यांच्या मालकांना कुणी काही विचारलं नव्हतं. विचारण्याची पद्धतच तिथे नाही.

तेव्हापासून सोशल मीडियावर एक सल्ला सारखा दिसतो : "लिनक्स टाक, फुकट आहे."

सल्ला वाईट नाही, पण अर्धवट आहे. किंमत हा इथला सगळ्यात छोटा मुद्दा आहे. मोठा प्रश्न असा की, लिनक्सच्या जगात निर्णय कोण घेतं? तिथे तरी वापरणाऱ्याला विचारतात का? आणि निर्णय पटला नाही तर त्याच्या हातात काय उरतं?

याचं उत्तर समजून घ्यायला डेबियनचं उदाहरण सगळ्यात चांगलं. २०२२ मध्ये या प्रकल्पात एक मतदान झालं. विषय वरवर पाहता किरकोळ होता : वाय-फाय चालत नाही, त्याचं काय करायचं? पण त्या प्रश्नासाठी डेबियनला आपल्या मूळ वचननाम्यात दुरुस्ती करावी लागली.

डेबियन म्हणजे काय?

ऑगस्ट १९९३ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक या तरुणाने डेबियन सुरू केलं. तेव्हाची त्याची मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, या दोन नावांमधून 'डेबियन' हे नाव तयार झालं. लिनक्स हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आहे. त्याच्याभोवती हजारो प्रोग्रॅम जमवून, तपासून, एकमेकांशी जुळवून वापरण्याजोगी सिस्टिम तयार करावी लागते. डेबियन हेच काम करतं. २०२३ च्या आवृत्तीत असे ६४ हजारांहून अधिक सॉफ्टवेअर पॅकेजेस होते.

डेबियनचं नाव ऐकलं नसलं तरी तुम्ही ते वापरलं असण्याची शक्यता आहे. उबुंटू डेबियनवर उभं आहे आणि लिनक्स मिंटची मुख्य आवृत्ती उबुंटूवर. शाळकरी प्रोजेक्टमध्ये दिसणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरची सिस्टिमही डेबियनवरच आधारलेली आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने बनवलेली 'बॉस' ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा डेबियनमधूनच आली.

एवढं सगळं ज्याच्यावर उभं आहे, त्या डेबियनचा मालक कोण? कुणीच नाही. कंपनी नाही, शेअरहोल्डर नाहीत, सीईओ नाही. जगभरातले सुमारे एक हजार सदस्य आहेत. प्रकल्पाची स्वतःची घटना आहे. दरवर्षी निवडून येणारा एक नेता आहे, पण त्याचे अधिकार मर्यादित आहेत. सदस्य सार्वत्रिक मतदान घेऊन त्याचाही निर्णय फिरवू शकतात.

'फ्री' म्हणजे फुकट की मुक्त?

इंग्रजीतला 'फ्री' हा शब्द घोळ घालतो. मराठीत सुदैवाने दोन वेगळे शब्द आहेत : फुकट आणि मुक्त. इथे अर्थ मुक्त असा आहे.

अमेरिकन प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली आणि पुढे मुक्त सॉफ्टवेअरची व्याख्या मांडली. तिच्यात वापरणाऱ्याला चार स्वातंत्र्यं आहेत. प्रोग्रॅम कोणत्याही कामासाठी वापरता आला पाहिजे. तो कसा चालतो ते पाहता आणि बदलता आलं पाहिजे. त्याच्या प्रती इतरांना देता आल्या पाहिजेत. आणि तुम्ही बदललेली आवृत्तीही वाटता आली पाहिजे. यासाठी प्रोग्रॅमचा सोर्स कोड, म्हणजे तो मुळात लिहिला त्या स्वरूपात, मिळणं गरजेचं असतं. तयार भाजी मिळाली तरी पाककृती मिळाली नाही, तर मीठ कमी-जास्त करणं तुमच्या हातात राहत नाही.

डेबियनने जुलै १९९७ मध्ये आपला 'सामाजिक करार' मंजूर केला. त्यातलं पहिलंच वचन असं की डेबियन शंभर टक्के मुक्त राहील. चौथं वचन सांगतं की आमचं प्राधान्य दोन गोष्टींना : आमचे वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर.

दोन्ही प्राधान्यं एकाच ओळीत आहेत. ती एकमेकांच्या विरोधात गेली तर काय करायचं, हे मात्र करारात लिहिलेलं नाही. २०२२ मध्ये नेमकं तेच झालं.

वाय-फायवरून वाद कसा पेटला?

आजच्या लॅपटॉपमधली वाय-फायची चिप हा स्वतःच एक छोटा कॉम्प्युटर असतो. तिच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. बऱ्याच चिपमध्ये ते कायमचं भरलेलं नसतं, दर वेळी सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिमकडून घ्यावं लागतं. आणि बहुतेक कंपन्या हे फर्मवेअर बंद स्वरूपात देतात. वापरा, पण आत डोकावू नका.

डेबियनच्या नियमानुसार असं फर्मवेअर 'मुक्त' नाही. म्हणून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायचं. परिणामी नवा माणूस डेबियन डाउनलोड करायचा, इन्स्टॉल करायला बसायचा आणि मध्येच सूचना यायची की वाय-फायसाठी फर्मवेअर हवं. ते मिळवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी ते फर्मवेअर हवं. ज्यांच्याकडे केबल किंवा दुसरा कॉम्प्युटर नव्हता, ते तिथेच अडकायचे.

फर्मवेअरसहित एक इन्स्टॉलर डेबियन बनवत होतं, पण 'अनधिकृत' असा शिक्का मारून आणि सहज सापडणार नाही अशा ठिकाणी ठेवून. ज्याला माहीत आहे त्याला तो सापडायचा, आणि ज्याला खरी गरज आहे त्याला नाही.

हा फक्त गैरसोयीचा प्रश्न नव्हता. अंध व्यक्ती डेबियन इन्स्टॉल करतात तेव्हा इन्स्टॉलर स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. पण नव्या लॅपटॉपमध्ये आवाजाच्या चिपलाही फर्मवेअर लागू लागलं. फर्मवेअर नाही म्हणजे आवाज नाही, आणि आवाज नाही म्हणजे इन्स्टॉलरचा पहिला प्रश्नच कळणार नाही. स्वातंत्र्यासाठी केलेला नियम एका माणसाला दारातूनच परत पाठवत होता.

इन्स्टॉलरवर वर्षानुवर्षं काम करणारे स्टीव्ह मॅकइन्टायर यांनी हा प्रश्न सार्वत्रिक मतदानाला नेला.

दोन्ही बाजूंचं म्हणणं काय होतं?

बदल हवा म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद व्यवहाराचा होता. बंद फर्मवेअर नाकारल्याने कॉम्प्युटर मुक्त होत नाही. अनेक चिपमध्ये ते कारखान्यातूनच भरून येतं, फक्त आपल्याला दिसत नाही. प्रोसेसरच्या सुरक्षेतल्या त्रुटी दुरुस्त करणारा मायक्रोकोडही बंदच असतो. तो घेतला नाही तर आतला जुना बंद कोड तसाच राहतो, त्रुटींसकट. मग आपण नेमकं काय वाचवलं?

विरोधकांचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नव्हतं. 'शंभर टक्के मुक्त' हे वचन वाचून लोक डेबियनवर विश्वास ठेवतात. आज फर्मवेअरला सवलत दिली, तर उद्या आणखी कशाला देणार? आणि सगळेच निमूटपणे बंद फर्मवेअर घेऊ लागले, तर कंपन्यांनी ते खुलं का करावं? प्रत्येक तडजोड त्या क्षणी शहाणपणाची वाटते, पण अशा दहा तडजोडी झाल्यावर मूळ तत्त्व फक्त कागदावर उरतं.

दोन्ही बाजू वापरणाऱ्याच्याच बाजूने बोलत होत्या. एक बाजू आज लॅपटॉप सुरू करणाऱ्या माणसाचा विचार करत होती, तर दुसरी दहा वर्षांनी लॅपटॉप घेणाऱ्याचा.

मतदान कसं झालं?

मतपत्रिकेवर सहा पर्याय होते. बंद फर्मवेअर असलेला एकच इन्स्टॉलर ठेवा, इथपासून ते असा इन्स्टॉलर डेबियनचा भागच मानू नका, इथपर्यंत. सातवा पर्याय होता 'यांपैकी काहीही नाही'. आपल्या भाषेत नोटा.

डेबियनच्या नोटाला मात्र दात आहेत. आपल्याकडे लोकसभा किंवा विधानसभेच्या निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मतं पडली, तरी उमेदवारांमध्ये पुढे असलेला माणूसच जिंकतो. डेबियनमध्ये जो पर्याय नोटाला हरवू शकत नाही, तो शर्यतीतूनच बाद होतो. आणि सामाजिक करारात बदल सुचवणाऱ्या पर्यायाला तर नोटावर तीनास एक अशी आघाडी लागते. म्हणजे जेमतेम बहुमताच्या जोरावर मूळ वचन बदलता येत नाही.

दुसरा फरक मोजणीचा. सदस्य फक्त एका पर्यायावर शिक्का मारत नाहीत, सगळ्या पर्यायांना पसंतीक्रम देतात. ही पद्धत अठराव्या शतकातले फ्रेंच विचारवंत काँदोर्से यांच्या नावाने ओळखली जाते. तिचा फायदा एका सोप्या उदाहरणाने कळेल.

समजा ३० घरांच्या सोसायटीला रंग द्यायचाय. १२ घरांना पिवळा हवा, १० ना पांढरा, ८ ना क्रीम. नेहमीच्या पद्धतीत पिवळा जिंकला, जरी १८ घरांना तो नको असला तरी. आता प्रत्येकाला दुसरी पसंती विचारा. पिवळावाले म्हणतात क्रीम चालेल, पांढरावाले म्हणतात क्रीम चालेल, क्रीमवाले म्हणतात पांढरा चालेल. आता दोन-दोन रंगांची समोरासमोर लढत लावा. क्रीम पिवळ्याला १८ विरुद्ध १२ ने हरवतो. पांढऱ्याला २० विरुद्ध १० ने. ज्या रंगाला पहिली पसंती सगळ्यात कमी होती, तोच जास्तीत जास्त लोकांना चालणारा निघाला.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये ज्याचा आवाज मोठा, त्याचा रंग भिंतीवर लागतो, हा अनुभव अनेकांना असेल. पसंतीक्रमाची पद्धत त्यावरचा उतारा आहे. शिवाय याच वर्षी मार्चमध्ये डेबियनने आणखी एका मतदानातून ठरवलं होतं की कुणी कुणाला मत दिलं ते यापुढे जाहीर करायचं नाही. त्यामुळे फर्मवेअरवरचं मत देताना कुणाला कुणाची भीड बाळगायची गरज नव्हती.

१ ऑक्टोबर २०२२ ला मतदान संपलं. सामाजिक करारात बदल करून फर्मवेअरसहित एकच अधिकृत इन्स्टॉलर ठेवायचा, हा पर्याय जिंकला. करारात एका वाक्याची भर पडली : ज्या हार्डवेअरला गरज आहे ते चालावं म्हणून अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असं फर्मवेअर ठेवता येईल, जरी ते डेबियनचा भाग नसलं तरी. पहिलं वचन तसंच राहिलं.

१० जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून हा बदल अमलात आला. त्यातही एक काळजी घेतली गेली. बंद फर्मवेअरसाठी वेगळा विभाग केला, म्हणजे ते बाकीच्या बंद सॉफ्टवेअरमध्ये मिसळू नये. आणि ज्याला ते अजिबात नकोय, त्याला इन्स्टॉल करतानाच ते टाळता येतं.

पण वापरणाऱ्यांनी मत दिलं का?

नाही. इथेच बरेच जण फसतात.

'समुदाय ठरवतो' असं म्हटलं की वाटतं, वापरणारे सगळे मिळून ठरवत असतील. डेबियनमध्ये मताचा हक्क फक्त सदस्यांना आहे. सदस्य होण्यासाठी आधी काही काळ काम करावं लागतं, ओळख पटवावी लागते, जुन्या सदस्यांची शिफारस लागते. २०१० मध्ये त्यांनी ठरवलं की केवळ पॅकेज बनवणारेच नाही, तर भाषांतर, दस्तावेज, डिझाइन अशी कामं करणारेही पूर्ण सदस्य होऊ शकतात. म्हणजे मराठी भाषांतर करणाऱ्या व्यक्तीलाही हा रस्ता खुला आहे. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत चालतो, तो अशाच स्वयंसेवकांमुळे. तरीही कोट्यवधी उपकरणांवर परिणाम करणारा निर्णय हजारेक लोकांच्या हातात असतो, हे खरंच आहे.

ही लोकशाही नाही, असं कुणी म्हटलं तर ते चूक नाही. इथे काम करणाऱ्यांचं राज्य आहे. जो राबतो, तो ठरवतो.

मग वापरणाऱ्याला विंडोजपेक्षा वेगळं काय मिळालं? दोन गोष्टी. एक, निर्णय उघड्यावर झाला. पर्याय, युक्तिवाद, नियम, निकाल, सगळं आजही कुणालाही वाचता येतं. आणि दुसरी, जी जास्त महत्त्वाची आहे : पटलं नाही तर सगळं घेऊन वेगळी चूल मांडता येते.

वेगळी चूल खरंच मांडता येते?

येते, आणि मांडली गेली आहे.

२०१४ मध्ये डेबियनमध्ये याहून कडवट वाद झाला होता. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर बाकी सगळ्या प्रोग्रॅमना उठवणारा पहिला प्रोग्रॅम कोणता असावा, हा मुद्दा होता. जुनी पद्धत सोडून 'सिस्टिमडी' घ्यायचं का? आठ जणांच्या तांत्रिक समितीत मतं चार-चार अशी अडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी आलं. नोव्हेंबरमध्ये त्याच्याशी जोडलेल्या प्रश्नावर सार्वत्रिक मतदान झालं. त्यातून निघालं, की यावर ठराव करण्याची गरजच नाही. त्या महिन्यात समितीतल्या काहींनी पदं सोडली. डेबियनचा इन्स्टॉलर घडवणाऱ्यांपैकी एक असलेले जोई हेस प्रकल्पातूनच बाहेर पडले.

आणि ज्यांना सिस्टिमडी नकोच होतं, त्यांनी डेबियनचाच कोड घेऊन 'देवुआन' नावाची वेगळी सिस्टिम सुरू केली. परवानगी मागावी लागली नाही, खटला झाला नाही. २०१७ मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली आणि ती आजही चालू आहे.

दुसरं उदाहरण कंपनीच्या हातातल्या प्रकल्पाचं. सेंटओएस ही सर्व्हरसाठी जगभर वापरली जाणारी फुकट सिस्टिम २०१४ पासून रेड हॅट कंपनीच्या छत्राखाली होती. तिच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सपोर्ट मिळेल असं लोक धरून चालले होते. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की तो २०२१ च्या अखेरीस संपेल. एका घोषणेत सात वर्षांहून अधिक काळ गेला. वापरणाऱ्यांना इथेही कुणी विचारलं नाही. पण कोड मुक्त होता. काही महिन्यांतच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे दोन पर्याय उभे राहिले. विंडोज १० च्या बाबतीत असं करता येणार नाही. त्याचा सोर्स कोड घेऊन कुणी 'पुढची दहा वर्षं आम्ही सांभाळतो' म्हणू शकत नाही.

अर्थात वेगळी चूल मांडणं सोपं नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला करायला माणसं लागतात. म्हणून बहुतेक वेळा लोक जात नाहीत, आतच भांडतात. पण जाता येतं, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं, आणि म्हणून आतल्या भांडणाला वजन येतं. २०१२ मध्ये उबुंटूने आपल्या सर्चमध्ये ॲमेझॉनची उत्पादनं दाखवायला सुरुवात केली, तेव्हा जोरदार टीका झाली. उबुंटूमागच्या कंपनीने आधी ते बंद करण्याची सोय दिली आणि २०१६ च्या आवृत्तीत ते मुळातच बंद ठेवलं.

मग आपण काय बघायचं?

फर्मवेअरचा वाद संपलेला नाही. स्टॉलमन यांनी स्थापन केलेलं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन डेबियनला आपल्या शिफारशीच्या यादीत धरत नाही, आणि आधीही धरत नव्हतं. त्यांच्या मते बंद सॉफ्टवेअरला अंगणातही जागा देऊ नये. त्या यादीतली ट्रिस्केल ही सिस्टिम ज्यांना शंभर टक्के मुक्त हवं त्यांच्यासाठी आहे, फक्त तिला चालेल असं हार्डवेअर शोधून घ्यावं लागतं. म्हणजे ज्यांची बाजू मतदानात हरली, त्यांनाही राहायला घर आहे.

जुन्या लॅपटॉपवर पुढे काय टाकायचं हे ठरवताना "फुकट आहे का?" एवढ्यावर थांबू नका. तीन प्रश्न विचारा. निर्णय कोण घेतं : एक कंपनी, एक माणूस, की नियमाने चालणारा गट? दिलेलं वचन बदलायचं असेल तर ते किती अवघड आहे : एका घोषणेइतकं, की तीनास एक मतांइतकं? आणि निर्णय पटला नाही तर तुमच्याबरोबर काय बाहेर पडतं : फक्त तुमच्या फाइल्स, की सगळी सिस्टिम?

डेबियन पहिल्या प्रश्नाला आदर्श उत्तर देत नाही, कारण तुम्ही सदस्य नसाल तर तुम्हाला तिथे मत नाही. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला त्याच्याकडे ठोस उत्तरं आहेत. विंडोज १० वापरणाऱ्यांकडे १४ ऑक्टोबरला या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नव्हतं.